समोरच्याला काय हवंय?

मागच्या अंकात पोकरविषयी प्रश्न पाठवा असं आवाहन केलं होतं. पत्रं आली, आणि गंमत म्हणजे पत्त्यांबद्दल जवळजवळ कुणीच विचारलेलं नाही. सगळ्यांची तक्रार माणसांबद्दल. तो असं करतो, ती तसं करते, मी काय करू?

उत्तरं देण्याआधी मी कुठून बोलते आहे तेवढं सांगते. मी पोकर खेळले कमी आणि वाटलं जास्त. डीलरला खेळता येत नाही, डावावर मत देता येत नाही. पत्ते पिसायचे, वाटायचे, पॉट (मध्ये जमलेली रक्कम) मोजायचा, कुणाची पाळी आहे ते सांगायचं आणि तोंड बंद ठेवायचं. पण शेवटी पत्ते उघडे पडतात तेव्हा कोण काय हातात धरून काय आव आणत होता, हे डीलरला फुकटात बघायला मिळतं. तिथे बसून माझं एक मत पक्कं झालं: समोरचा कोणत्या जातीचा खेळाडू आहे यावर डोकं शिणवण्यापेक्षा त्याला या टेबलावरून काय हवंय हे आधी शोधावं. बाकीचं बरंचसं त्यातून आपोआप कळतं.

खालची सगळी उदाहरणं टेक्सस होल्डमची आहेत. हातात दोन पत्ते, मध्ये सर्वांचे मिळून पाच: आधी तीन एकदम (फ्लॉप), मग एक (टर्न), शेवटी एक (रिव्हर). पाळी आली की पैज लावायची (बेट), समोर पैज नसेल तर काही न लावता पुढे जायचं (चेक), समोरच्याच्या पैजेइतकं घालायचं (कॉल), ती वाढवायची (रेझ), नाहीतर पत्ते टाकून डाव सोडायचा. चांगले पत्ते नसताना असल्याचा आव आणून बेट लावणं म्हणजे ब्लफ.

प्रश्न : आमच्या नेहमीच्या टेबलावर एक गृहस्थ आहेत. हातात काहीही असो, कॉल करतात. मी त्यांच्यावर तीनदा मोठा ब्लफ मारला. तिन्ही वेळा किरकोळ जोडी दाखवून त्यांनी पॉट नेला, शेवटच्या वेळी तर सत्तीची जोडी होती. इतक्या मोठ्या बेटला सत्तीची जोडी घेऊन कोण कॉल करतं? माझं काय चुकतंय? — हताश

उत्तर : कोण करतं म्हणजे? हे गृहस्थ करतात. तीनदा केलं, चौथ्यांदाही करतील. तुमच्याकडे ही माहिती दुसऱ्या डावापासून होती.

अशा खेळाडूला कॉलिंग स्टेशन म्हणतात आणि म्हणताना लोक जरा हसतात. हसण्यासारखं त्यात काही नाही, कारण हसणाऱ्यांच्या चिप्स बहुतेकदा त्याच्याच पुढ्यात असतात. त्याला काय हवंय? त्याला बघायचंय. आपल्याला कुणीतरी फसवून पळवून लावलं असेल, ही शंका घेऊन उठणं त्याला चिप्स जाण्यापेक्षा जास्त सलतं. तुमची बेट जितकी मोठी तितकं त्याचं कुतूहल मोठं. म्हणजे तुम्ही त्याला घाबरवायला जे करता त्यानेच त्याला खेचून आणता.

ब्लफ लागू पडायला समोरच्याने स्वतःच्या पत्त्यांपलीकडे बघावं लागतं. याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण २००३ सालच्या वर्ल्ड सीरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेतलं. लास व्हेगासला अंतिम लढतीत दोघंच उरले होते: ख्रिस मनीमेकर हा व्यवसायाने अकाउंटंट, आणि सॅम फराह हा मुरलेला व्यावसायिक. मध्ये नव्वी, दुर्री, छक्की, अठ्ठी, तिर्री. फराहकडे राणी-नव्वी, म्हणजे मधल्या सर्वांत मोठ्या पत्त्याची जोडी. मनीमेकरकडे राजा-सत्ती, त्याचा फ्लशही (एकाच चिन्हाचे पाच पत्ते) हुकला होता, स्ट्रेटही (ओळीने पाच पत्ते) हुकला होता. त्याने ऑल-इन केलं. फराहने बराच विचार केला आणि पत्ते टाकले. टाकले याचं कारणच हे, की तो विचार करत होता. हा माणूस आतापर्यंत कसा खेळत आला, एवढ्या सगळ्या चिप्स पुढे सारायला त्याच्याकडे काय असायला हवं, हे तो पडताळत होता. त्या खुर्चीत तुमचे गृहस्थ असते तर त्यांनी नव्वीची जोडी बघितली असती, "बघू तरी" म्हणत कॉल केला असता, आणि मनीमेकर हे नाव आज फारसं कुणाला आठवलं नसतं.

आता हिशेब. पॉटमध्ये १०० चिप्स असताना तुम्ही १०० चा ब्लफ मारलात, तर तो निदान निम्म्या वेळा चालला पाहिजे, तेव्हा कुठे बरोबरी होते. ५० चा मारलात तर तिनातून एकदा. तुमचे गृहस्थ दहातून एकदा तरी पत्ते टाकतात का? मग या ब्लफला आकार कुठलाही द्या, तो तोट्याचाच.

तेव्हा त्यांच्यावर ब्लफ पूर्ण बंद. त्याऐवजी एरवी ज्या पत्त्यांवर तुम्ही चेक करून गप्प बसला असता त्यावर बेट लावा. समजा मध्ये राजा आलाय आणि तुमच्याकडे राजा-दश्शी आहे. विचारी खेळाडूसमोर तुम्ही एकदा बेट लावून थांबाल, कारण तिन्ही बेटांना जो कॉल करेल त्याच्याकडे बहुधा तुमच्याहून बरं काही असेल. या गृहस्थांसमोर मात्र फ्लॉपला लावा, टर्नला लावा, मधले पत्ते फारच भीतिदायक झाले नसतील तर रिव्हरलाही लावा. ते सत्तीवर कॉल करतात ना? करू द्या. बघायचंच असेल तर तिकीट घेऊन बघू देत.

एक अपवाद. कॉल करणारा माणूस अचानक रेझ करतो तेव्हा तुमच्या राजाच्या जोडीला काही अर्थ उरत नाही. टाका पत्ते. "आज बहुतेक ब्लफ करतायत" हा विचार तुमच्या मनातला आहे, त्यांच्या नाही.

आणि कृपा करून टेबलावर त्यांना शिकवू नका. "सत्तीवर कसला कॉल करता?" हे वाक्य तुमच्या पत्रात आहे तसंच तुमच्या तोंडी आलं असणार. त्या वाक्याने दोन गोष्टी होतात: एक तर ते दुखावून उठून जातात, नाहीतर सुधारतात. दोन्हींत नुकसान तुमचं.

प्रश्न : आमच्यात एक काकू आहेत. तास तास पत्ते टाकत बसतात, सरबत पिणाऱ्यांकडे बघत, आणि मग एकदम रेझ करतात. दरवेळी पत्ते मोठेच निघतात. त्यांना कसं हरवायचं? — एक भाचा

उत्तर : त्या रेझ करतील तेव्हा हरवायला जाऊ नका. एवढंच.

हातात येऊ शकणाऱ्या दोन पत्त्यांच्या जोडण्या एकूण १३२६. काकू दश्शीपासून एक्क्यापर्यंतच्या जोड्या आणि एक्का-राजा एवढंच खेळतात असं धरलं तर त्यातल्या ४६ झाल्या. म्हणजे सुमारे २९ डावांत एकदा. उरलेल्या २८ डावांत त्या पत्ते टाकणार हे ठरलेलं आहे आणि तुम्ही तुमचं सगळं लक्ष त्या एका डावावर लावून बसला आहात. त्यांची ब्लाइंड (पत्ते बघण्याआधी आळीपाळीने लावावी लागणारी सक्तीची बेट) असेल तेव्हा हलक्या पत्त्यांवरही रेझ करा, ती उचला आणि पुढे चला. काकूंना टेबलावर फजिती नकोय. ती टाळण्यासाठी त्या ही छोटी छोटी किंमत देत राहतात आणि त्यांना ती जाणवतही नाही. ज्या दिवशी जाणवेल त्या दिवसापासून मात्र जपून. वर्षभर प्रामाणिक राहिलेल्या माणसाचा पहिला ब्लफ कुणी अडवत नाही. मी अडवलेला बघितलेला नाही.

प्रश्न : एक नवा मुलगा येऊ लागला आहे. दर डावाला रेझ, कुणी रेझ केलं तर वर आणखी रेझ. टेबलाचं वातावरणच बिघडलंय. चांगल्या पत्त्यांची वाट बघत बसलं तर तोवर तो बारीक बारीक करून सगळं नेतो, आणि भिडलं तर नेमके त्याच्याकडे पत्ते असतात. — त्रस्त मंडळी

उत्तर : "नेमके" हा शब्द खोडा. जो दर डावाला खेळतो त्याच्याकडे कधीतरी पत्ते असणारच, आणि तुमच्या लक्षात तेवढेच डाव राहतात. त्याने टाकलेले पत्ते डीलरच्या ढिगात जातात, ते तुम्हाला दिसत नाहीत. मलाही दिसत नसत, पण तो किती वेळा टाकतो ते मोजता येतं.

आधी एक गोष्ट तपासा. उलट रेझ आलं की तो थांबतो का? दोन प्रकारची मुलं लांबून सारखी दिसतात. एकाला पत्ते टाकता येतात: तो जोरात येतो, पण समोरून ठाम विरोध झाला की निमूट मागे होतो. तो खरा खेळाडू आहे, त्याला तुमच्या ब्लाइंड हव्या आहेत, आणि त्याच्याशी तुम्हाला खरोखर खेळावं लागेल. दुसऱ्याला मागे होताच येत नाही. त्याला हवाय तो क्षण, सगळे आपल्याकडे बघत असल्याचा. पॉट मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तरी चर्चा त्याचीच.

तुमच्या पत्रावरून हा दुसरा वाटतो. त्याच्याशी खेळताना सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे खुर्ची. तो तुमच्या उजव्या हाताला असावा. पाळी घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते, म्हणजे तो तुमच्या आधी बोलेल आणि त्याने काय केलं ते बघून तुम्ही ठरवाल. तो डावीकडे असेल तर तुम्ही हौसेने कॉल करून बसाल आणि तो मागून येऊन पॉट तिप्पट करेल. बरेच जण जागा बदलायला संकोचतात. संकोचू नका, जागा रिकामी झाली की मागून घ्या.

मग चांगले पत्ते आल्यावर गप्प राहायला शिका. लोक इथेच फसतात. एक्का लागला की आनंदाने रेझ करतात, त्याला जागं करतात. कशाला? तो बेट लावणारच आहे. चेक करा, कॉल करा, चेहऱ्यावर जरा नाखुशी आली तरी चालेल. मधल्या जोडीवरही त्याला कॉल करावा लागेल आणि त्यातले काही डाव तुम्ही मोठे हराल. त्याला वठणीवर आणायचं म्हणून रिकाम्या हाताने त्याच्यावर ब्लफ मारू नका. ज्याला मागे होता येत नाही त्याला ढकलण्यात काय हशील?

प्रश्न : समोरच्याचा चेहरा वाचायला कसं शिकावं? नाक खाजवणं, डोळे चुकवणं, हात थरथरणं यांचे अर्थ सांगाल का? शिवाय मला काळा चष्मा घेण्याचा सल्ला मिळालाय. — चेहरा-अभ्यासक

उत्तर : सर्वांत जास्त पत्रं याच विषयावर आली, तेव्हा सविस्तर लिहिते. निराशा होईल, तयारी ठेवा.

खोटं ओळखण्यात माणसं आपल्याला वाटतं तितकी हुशार नसतात. या विषयावरच्या ढीगभर प्रयोगांचा एकत्रित आढावा २००६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात सरासरी निघाली सुमारे ५४ टक्के. नाणं उडवलं तर ५०. त्या चार टक्क्यांवर आपण "माणूस बघताच ओळखतो" अशा गप्पा मारतो.

पोकरवरच केलेला एक प्रयोग मला फार आवडतो. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी विद्यार्थ्यांना वर्ल्ड सीरीज ऑफ पोकरमधल्या खेळाडूंचे, चिप्स पुढे सारतानाचे अगदी छोटे मूक तुकडे दाखवले आणि विचारलं, याचे पत्ते कितपत चांगले असतील? काहींना नुसता चेहरा दाखवला. त्यांचे अंदाज निव्वळ नशिबावर ठोकून दिले असते त्याहूनही वाईट निघाले, कारण चेहरा हा भाग खेळाडू मुद्दाम राखतात आणि तिथूनच फसवतात. काहींना नुसते हात दाखवले. त्यांचे अंदाज नशिबापेक्षा बरे आले. पत्ते चांगले असले की चिप्स सारण्याची हालचाल एकसंध होते, आत्मविश्वासाची दिसते. टेबलामागून मी हेच बघत आले. चेहरा जपणारे पुष्कळ, मनगट जपणारा विरळा.

थरथरणाऱ्या हाताबद्दल मात्र नवखे लोक हमखास उलटं समजतात. त्यांना वाटतं, घाबरलाय, ब्लफ असणार. मी ज्यांचे हात मोठी बेट लावताना अचानक थरथरलेले बघितले, त्यांचे पत्ते उघडल्यावर बहुतेक वेळा भलतेच मोठे निघाले. बराच वेळ दाबून ठेवलेला आनंद असा हातातून बाहेर पडतो. ब्लफ करणारा उलट आकसतो, स्थिर होतो, श्वाससुद्धा जपून घेतो. पण हात मुळातच थरथरणारी माणसंही असतात, म्हणून एका हालचालीला एक अर्थ असा तक्ता तुम्हाला देणार नाही. नाक खाजलं म्हणजे बहुधा नाकाला खाज होती. तो माणूस एरवी कसा बसतो, किती बोलतो, पत्ते कसे धरतो हे आधी बघून ठेवा, मग त्यात झालेला बदल शोधा. बदल दिसला की तो लगेच वापरू नका. पत्ते उघडे पडेपर्यंत थांबा आणि जुळतंय का बघा.

दोन ठिकाणी हमखास काही सापडतं, तेवढी सांगते. फ्लॉप पडतो तेव्हा सगळे फ्लॉपकडे बघतात. तुम्ही माणसांकडे बघा, पत्ते कुठे पळून जात नाहीत. फ्लॉप बघून ज्याची नजर पटकन स्वतःच्या चिप्सकडे जाते त्याला बहुधा काहीतरी लागलंय. आणि जो फ्लॉपकडे टक लावून बसतो त्याला बहुधा लागलेलं नाही, तो शोधतोय. दुसरं म्हणजे अभिनय. सुस्कारा टाकून, खांदे पाडून, "चला, बघू या" म्हणत कुणी मोठी रेझ केली तर त्याच्याकडे चांगले पत्ते आहेत असं धरून चाला. ज्याचे पत्ते खरोखर वाईट आहेत तो दुःख मुद्दाम दाखवत नाही.

याहून खात्रीचा पुरावा चिप्सच्या संख्येत असतो आणि तो बघायला डोळ्यांत डोळे घालावे लागत नाहीत. कितीतरी खेळाडू चांगल्या पत्त्यांवर पॉटच्या निम्मी बेट लावतात, कॉल यावा म्हणून, आणि ब्लफ असला की पॉटएवढी, पळून जावं म्हणून. काही जण याच्या बरोबर उलट. तासाभरात कोण कुठला ते कळतं. मी तर म्हणेन की बेटचे आकडे नीट बघणाऱ्याने आयुष्यात कुणाचा चेहरा बघितला नाही तरी चालेल.

तुमचा स्वतःचा चेहरा? त्यावर काम करू नका. दर डावाला तेच करा: तेवढाच वेळ घ्या, चिप्स त्याच हाताने, त्याच पद्धतीने सारा, पत्ते एकदाच बघा. काळ्या चष्म्यामागे आपण सुरक्षित आहोत असं वाटतं आणि मग माणूस हातांकडे दुर्लक्ष करतो. चष्मा घेऊन आपलेच पत्ते चुकीचे वाचणारेही बघितलेत.

प्रश्न : ब्लफ यशस्वी झाल्यावर पत्ते दाखवावेत का? फार इच्छा होते. — रंगलेला

उत्तर : इच्छा कशाची होते ते बघा. टाळ्यांची. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती उघडून तुम्ही समोरच्याला फुकट माहिती देता. पुढचे दोन तास चांगलेच पत्ते खेळायचं ठरवून, लोकांनी आपल्याला कॉल करावा म्हणून कुणी एखादा ब्लफ दाखवत असेल तर तो निराळा धंदा. पण तुमच्या सहीवरून तसं वाटत नाही.

प्रश्न : आम्ही दोघी बहिणी एकाच टेबलावर खेळतो. एकमेकींवर बेट लावत नाही, दोघीच उरलो तर शेवटपर्यंत चेक करतो. यात काही वावगं आहे का? — थोरली

उत्तर : आहे. तिसऱ्याचं नुकसान होतं. त्याला वाटतं प्रत्येकीशी स्वतंत्र सामना आहे, आणि तुमची दोघींची आतून युती. स्पर्धांमध्ये याला मनाई असते आणि पकडलं तर शिक्षाही होते. मी डीलर असताना अशा जोड्या तासाभरात लक्षात यायच्या, कारण बाकी सगळ्यांवर तुटून पडणारी एकाच व्यक्तीसमोर मऊ व्हायची. वेगवेगळ्या टेबलांवर बसा, नाहीतर धाकटीला एकदा मनापासून लुटा. तिला ते आवडेल.

प्रश्न : मी शांत स्वभावाचा आहे. पण एका माणसाने माझे दोन एक्के दोन राजांवर फोडले, रिव्हरला तिसरा राजा आणून. तेव्हापासून तो डावात असला की मी भलतंच खेळतो. — शांत (पूर्वीचा)

उत्तर : रिव्हरला राजा त्याने आणला नाही, डीलरने आणला. आम्हालाही रागाने बघतात लोक, सवय आहे.

दोन एक्के दोन राजांसमोर साधारण ८२ टक्के वेळा जिंकतात. उरलेले १८ टक्के कुणाच्या तरी वाट्याला यायचेच. तुम्ही ते पत्ते बरोबर खेळलात, त्यानेही बरोबर खेळले. तरी राग आला, कारण हिशेब डोक्यात असतो आणि हरणं दुसरीकडेच कुठेतरी लागतं. डॅनियल कानमन आणि अमोस ट्वेर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सिद्धांताचा गाभा हाच आहे: तेवढ्याच मिळकतीच्या आनंदापेक्षा तेवढ्याच नुकसानीचं दुःख जास्त मोठं वाटतं, आणि नुकसानीत असलेला माणूस ते भरून काढायला एरवी घेतला नसता असा धोका पत्करतो. तुम्ही फक्त त्याला एक चेहरा दिलाय.

पोकरमध्ये याला टिल्ट म्हणतात. तुम्हाला त्या माणसाकडूनच चिप्स परत हव्या आहेत, पण चिप्सवर कुणाचं नाव नसतं. डाव्या बाजूच्या काकांकडून आल्या तरी त्या तेवढ्याच. शिवाय तुमच्या वैऱ्याला हे कळलंय असं धरून चाला. राग आलेला माणूस पाळी येण्याआधीच पत्ते उचलतो, चिप्सचे रचलेले थर मोडतो, बेट टेबलावर फेकतो. मला दिसायचं तसं त्यालाही दिसतं. तो आता तुमच्या समोर चांगल्या पत्त्यांवर मोठी बेट लावेल आणि तुम्ही कॉल कराल.

उपाय साधा आहे आणि कुणी करत नाही: मोठा डाव हरलात की पुढचे काही डाव पत्ते न खेळता उठा, पाणी प्या, फिरून या. टेबल तिथेच असतं.

दुसऱ्याचा टिल्ट ओळखणं मात्र जरा अवघड, कारण तो दरवेळी आरडाओरडा करत येत नाही. काही जण हरल्यावर सैल होतात, वाटेल त्यावर कॉल करतात. त्यांच्यासमोर ब्लफ थांबवायचा. काही जण दुधाने तोंड पोळल्यासारखे होतात, एक्का-राजाही फुंकून पितात. ते शांत दिसतात म्हणून सावरलेले वाटतात. त्यांच्यावर बेट लावा, ते टाकतील. आणि जिंकणाऱ्यांचाही टिल्ट असतो. सलग चार पॉट मिळाले की माणसाला वाटू लागतं की आज पत्ते आपलं ऐकतायत. तो सर्वांत उदार असतो तो त्या अर्ध्या तासात.

प्रश्न : माझे यजमान आठवड्यातून बरेचदा खेळतात. आता लपवून कर्ज काढलंय असं कळलं. म्हणतात, टेबलावर चुकीची माणसं येतायत, थोडं भरून आलं की थांबतो. कुठल्या प्रकारच्या लोकांशी खेळू नये हे तुम्ही लिहिलंत तर ते ऐकतील. — नाव देत नाही

उत्तर : ताई, हे मी लिहिणार नाही, कारण प्रश्न टेबलावरच्या माणसांचा उरलेला नाही. लपवणं, कर्ज, आणि गेलेलं भरून काढायला पुन्हा बसणं या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या की तो जुगाराचा विकार असू शकतो. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानसूचीत २०१३ पासून तो व्यसनांच्याच गटात धरला जातो. त्यावर उपचार आहेत. मनोविकारतज्ज्ञांना भेटा, यजमान यायला तयार नसतील तर आधी तुम्ही एकट्या जा. घरातल्या पैशांचे व्यवहार आजच आपल्या हाती घ्या. नवं कर्ज फेडायला आणखी कुणाकडून उसने घेऊन देऊ नका. आणि हा अंक त्यांना वाचायला ठेवू नका, वरची उत्तरं वाचून त्यांना वाटेल की आता जमेल.

प्रश्न : ऑनलाइन खेळताना चेहरा नाही, हात नाहीत. मग मानसशास्त्र कुठे उरतं? आणि म्हणे संगणक माणसांना हरवतो. मग हे सगळं शिकून उपयोग काय? — पडद्यासमोरचा

उत्तर : चेहरा गेला, आकडे उरले, आणि आकड्यांबद्दल वर लिहिलंच आहे. वेळही उरतो. झटकन आलेला कॉल बहुधा मधल्या पत्त्यांचा असतो, कारण फार चांगल्या पत्त्यांवर रेझ करावं का हा विचार करायला माणूस थोडा थांबतो. अर्थात कधी तो दारावर आलेल्या पाहुण्यासाठीही थांबलेला असतो, तेव्हा फार विसंबू नका.

संगणकाचा मुद्दा जास्त रंजक आहे. २०१७ च्या जानेवारीत कार्नेगी मेलन विद्यापीठात घडवलेला लिब्राटस हा प्रोग्रॅम चार व्यावसायिकांशी १,२०,००० डाव खेळला आणि निर्विवाद जिंकला. २०१९ मध्ये प्लुरिबस या दुसऱ्या प्रोग्रॅमने सहा जणांच्या टेबलावरही व्यावसायिकांना मागे टाकलं. यातली मजेची गोष्ट अशी की लिब्राटस समोरच्याला वाचत नव्हता. दिवसा माणसं त्याच्या खेळातली भोकं शोधायची आणि रात्री तो ती बुजवायचा. त्याचं सगळं लक्ष आपल्या चुकांचा कुणाला फायदा घेता येऊ नये यावर. ब्लफ त्याच्यासाठी धाडस नव्हतंच, तो हिशेबाचा भाग होता. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन आणि अर्थतज्ज्ञ ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांनी तर १९४४ मध्येच सोप्या केलेल्या पोकरवर हे दाखवलं होतं की ब्लफ करणं भागच आहे, आणि तोही सर्वांत वाईट पत्त्यांनी करावा, मधल्या पत्त्यांनी नाही. मधल्या पत्त्यांना चेक करूनही थोडंफार मिळतं. वाईट पत्त्यांना ब्लफशिवाय काहीच मिळत नाही.

मग आपण माणसं वाचायची कशाला? कारण तुमच्यासमोर लिब्राटस बसलेला नाही. दगड-कागद-कात्रीत तिन्ही गोष्टी सारख्या प्रमाणात, काहीही ठरवून न टाकता खेळणारा कधी मोठा हरत नाही. पण समोर दर वेळी दगडच टाकणारा बसला असेल तर हा निर्दोष खेळाडू बरोबरीतच राहील आणि कागद टाकणारा सगळं घेऊन जाईल. हताश यांचे सत्तीवाले गृहस्थ आठवा. तुमच्याहून चांगला खेळणारा कुणी अनोळखी आला तर लिब्राटससारखं आपली भोकं झाकत खेळा. बाकी सगळे दगड टाकतात.

प्रश्न : तुम्ही सगळ्यांचे प्रकार सांगता. मी स्वतः कुठल्या प्रकारची आहे हे कसं ओळखू? मैत्रिणींना विचारलं तर सगळ्या म्हणतात, तू छान खेळतेस. — जिज्ञासू

उत्तर : छान खेळतेस असं ज्या टेबलावर सगळे म्हणतात तिथे आपण बहुधा सर्वांना पुरवठा करत असतो.

विचारू नका, बघा. तुम्ही रेझ केल्यावर टेबल काय करतं? सगळे निमूट पत्ते टाकत असतील तर तुम्ही त्यांच्यासाठी वरच्या पत्रातल्या काकू आहात, आणि तुमच्या ब्लफना मोठी किंमत आहे, जी तुम्ही अजून वसूल केलेली नाही. तिघं-तिघं हसत कॉल करत असतील तर तुमचं काही खरं मानलं जात नाही. मग ब्लफ थांबवा आणि चांगल्या पत्त्यांवर बेट मोठी करा. उजवीकडची मैत्रीण तुमच्या आधी बोलताना तुमच्याकडे एकदा बघून घेत असेल, तर तुम्ही तिला त्रास देता, चांगली गोष्ट आहे.

पुढच्या बैठकीत हातात कागद ठेवा. तुमची प्रत्येक रेझ, त्यावर किती जण थांबले, आणि पत्ते उघडे पडले तर तुमच्याकडे काय होतं, एवढ्या तीन गोष्टी लिहा. मग तो कागद माझ्याकडे पाठवा. आकडे असलेली पत्रं मी आधी उघडते.